‘द ब्राइड’: नथीतल्या मोत्यांसारख्या कळ्यांचे झुडूप

इंग्लंडमधील आमच्या परसबागेसाठी ३ वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मागवलेले एक्झोकोर्डा ‘द ब्राइड’ यंदा मनाजोगते बहरले, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. गुलाबाच्या कुळातील हे पानझडी झुडूप चीन आणि मध्य आशियातील दोन जातींच्या संकरातून आलेले असून, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा गुणवत्ता पुरस्कार त्याला लाभला आहे. एप्रिलच्या अखेरीस त्याच्या कमानदार फांद्यांवर टपोऱ्या, गोल, शुभ्र कळ्या ओळीने लागतात. जवळून पाहिल्यास नथीतले मोतीच ओवून ठेवल्यासारखे वाटतात, आणि ४-५ दिवसांत त्यांची पाच पाकळ्यांची फुले होऊन फांदी झाकून जाते. मोगऱ्यासारख्या सुगंधाची अपेक्षा मात्र ठेवू नये.

रोपवाटिकेबद्दल माझी एक गंभीर तक्रार आहे. कुंडीत मुळे गोल गुंडाळून घट्ट बसलेली होती, ती मला हाताने सोडवावी लागली; शिवाय छाटणीविषयी एक ओळही सोबत दिली नव्हती. या झुडपाला गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुले येतात, त्यामुळे छाटणी बहर ओसरताच करावी लागते. ते ठाऊक नसल्याने मी पहिल्या हिवाळ्यात फांद्या कापल्या आणि तो वसंत कोरडा गेला.

चुनखडीच्या उथळ जमिनीत पाने पिवळी पडतात, तिथे हे लावू नये. निचऱ्याची माती आणि भरपूर ऊन असेल, तर अवश्य घ्यावे; सुमारे दीड-दोन मीटरपर्यंतच वाढत असल्याने लहान बागेतही ते सहज सामावते.