त्या कार्डावरची भोकं आमच्या रायफलची नव्हतीच

2024 च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य मिळालं आणि आमच्या घरात एअर रायफलचं वेड शिरलं. वेड पुतण्याचं, पैसे माझे. .177 बोअर, म्हणजे 4.5 मिलिमीटरची नळी, आणि 20 ज्यूलच्या आत ताकद असेल तर परवाना लागत नाही, एवढी चौकशी मी केली होती. स्कोपची, म्हणजे रायफलवर बसवायच्या दुर्बिणीची, केली नाही, तिथंच गंडलो.

दुकानदार गोड बोलणारा. "काका, पन्नास मीटरवर मारायचं तर स्कोप हवाच. ऑलिंपिकवाले काय स्कोपशिवाय मारतात?" मारतात की! त्या स्पर्धेत भिंगाची दुर्बीण चालतच नाही, बारीक छिद्राच्या पीप साइटमधून नेम धरतात. हे मला पुढं रेंजवरच्या एका शाळकरी मुलीनं सांगितलं, तेही हसू दाबत.

स्कोपचे 9,000 आणि वर 'माउंटिंग-झिरोइंग'चे, म्हणजे तो बसवून नेम जुळवून देण्याचे, 2,500. दोन दिवसांनी रायफल मिळाली, सोबत टार्गेटचं कार्ड. पाच भोकं, रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळजवळ. कोपऱ्यात पेनानं '50 मी.' मी ते कार्ड आल्यागेल्याला दाखवत होतो.

शेतावर बांधाच्या मातीसमोर 25 मीटरवर टार्गेट लावलं. पहिले पाच छर्रे वीतभर खाली. स्कोपवरचा टरेट, म्हणजे नेम वर-खाली करायची गोल कळ, फिरवत गेलो. स्कोपवर एका क्लिकला 100 यार्डांवर पाव इंच असं लिहिलेलं, म्हणजे 25 मीटरवर साधारण 1.7 मिलिमीटर. साठेक क्लिक होईपर्यंत छर्रे वर सरकले, पुढं क्लिकचा नुसता आवाज. आणि दहाबारा छर्ऱ्यांनंतर सगळंच डावीकडं जायला लागलं.

शेवटी स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगा खोलल्या. पुढच्या रिंगेखाली कोल्ड्रिंकच्या डब्याचा कापलेला पत्रा! पत्रा लावणं ही तशी चोरी नाही. नळी खाली झुकलेली असेल तर जाणकारसुद्धा मागच्या रिंगेखाली लावतात, त्यानं मार वर येतो. यानं पुढं लावला होता, कारण दोन्ही रिंगा एका उंचीच्याच नव्हत्या. मार खाली का जात होता ते तिथं कळलं. रिंगा जिथं बसतात त्या रेलवर रिंग अडवणारी स्टॉप पिन नव्हती, डिंकानं काम भागवलेलं. स्प्रिंगची एअर रायफल आधी मागं आणि लगेच पुढं असा दुहेरी झटका देते. साध्या स्कोपचं पोट त्यानं खिळखिळं होतं आणि पिन नसेल तर रिंगा मागं सरकतात. आमच्या स्कोपच्या खोक्यावर 'एअरगनसाठी' असं जे छापलेलं होतं, ते वरून चिकटवलेलं स्टिकर होतं. नखानं निघालं.

ओळंबा टांगून रायफल पाणसळीनं सरळ केली, तर स्कोपमधली उभी रेघ दोरीला स्पष्ट तिरकी. 20 क्लिक उजवीकडं, 20 खाली, 20 डावीकडं, 20 वर अशी चौकट मारून पाहिली. शेवटचा छर्रा पहिल्याच्या भोकाशी यायला हवा, तो तीन बोटं लांब.

मग ते कार्ड आठवलं. आमचा 4.5 मिलिमीटरचा छर्रा त्यातल्या एका भोकावर ठेवला. कागदाचं भोक छर्ऱ्याहून किंचित लहानच राहतं, त्यामुळं तो अडायला हवा होता. तो सैल अंगठीसारखा आरपार खाली पडला. पाचही भोकांतून पडला. कार्ड 5.5 च्या, म्हणजे .22 रायफलनं मारलेलं होतं, आणि किती मीटरवरून ते देव जाणे.

पक्कं बिल मागितलं नव्हतं, ही माझी चूक. चिठ्ठीवर फक्त 'सामान 11,500'. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचाच आला. झिरोइंगचे पैसे मोजणार असाल तर स्वतः शेजारी उभं राहून, आपल्याच डब्यातले छर्रे देऊन करून घ्या आणि चौकट तिथंच मारायला लावा. आढेवेढे घेतले तर पाकीट खिशात ठेवा.

कार्ड घेऊन दुकानात गेलो, छर्रा त्याच्या काउंटरवरच भोकातून पाडून दाखवला. तो जराही वरमला नाही. म्हणाला, "अरेरे काका, कार्ड बदललं गेलं वाटतं. थांबा, तुमचं शोधून देतो."