बजेट कमी, लॅपटॉप जुना: १ टीबी हार्ड डिस्क की २४० जीबी एसएसडी?

लॅपटॉपची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली आणि खिसा फारसा भरलेला नसला, की निवड साधारण दोनच गोष्टींवर येऊन थांबते. एक तर १ टीबीची नवी हार्ड डिस्क, नाहीतर २४०-२५६ जीबीची साधी साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी पण फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. पहिलीत जागा जास्त, दुसरीला वेग जास्त, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मी एका लॅपटॉपमध्ये पहिली बसवली, दुसऱ्यात दुसरी, आणि दोन्हींवर रोजचं काम केलं. मोजमापं घेत बसलो नाही, त्यामुळे पुढचं सगळं अनुभवाचं बोलणं समजा.

आधी हार्ड डिस्कच्या बाजूने, कारण तिची बाजू हल्ली कोणी घेत नाही. १ टीबीमधले ९३१ जीबी विंडोज दाखवतं आणि त्यात फोटो, व्हिडिओ, जुन्या फायली असं सगळं एका जागी राहतं. काय ठेवायचं, काय उडवायचं हा विचारच करावा लागत नाही. शिवाय हार्ड डिस्क बहुधा सांगून मरते. आधी टकटक आवाज येतो, मग फायली उघडायला वेळ लागतो, स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, खराब सेक्टरांचा (साठवणीच्या छोट्या तुकड्यांचा) आकडा वाढत जातो. एसएसडी मात्र काल चालू होती आणि आज बायोसमध्ये (विंडोजच्या आधी लॅपटॉप सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) दिसतच नाही, असंही करू शकते. तसं झालं तर तिच्यातला डेटा परत मिळवणं सहसा जास्त अवघड जातं.

एवढं असूनही माझा कल बदलला तो एका वैतागामुळे. विंडोज सुरू होतं, डेस्कटॉप दिसतो, आणि तरी काहीच करता येत नाही. राइट क्लिक केलं तर मेनू बऱ्याच वेळाने उमटतो. टास्क मॅनेजर उघडून बघावं तर प्रोसेसर निवांत, रॅम निम्मी मोकळी आणि डिस्कच्या रकान्यात लालभडक १०० टक्के. गंमत म्हणजे त्या वेळी डिस्क सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी वाचत असते! अपडेट, अँटिव्हायरस आणि सर्च इंडेक्सिंग तिघांनाही एकदमच काहीतरी हवं असतं, तेही डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून. अशा डिस्कची तबकडी फिरते मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. त्यात हेड, म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं टोक, इकडून तिकडे नेण्याचा वेळ धरला, तर सेकंदाला शंभरेक ठिकाणी पोचणंसुद्धा तिला जड जातं.

आपण म्हणतो, डिस्क जुनी झाली म्हणून संथ झाली. काही अंशी ते खरंही असेल. पण नवी डिस्कसुद्धा ५४०० फेरेच मारते. ताजं विंडोज टाकल्यावर सुरुवातीला बरं वाटतं, मग अपडेट सुरू होतात आणि तो १०० टक्क्यांचा रकाना पुन्हा हजर. थोडक्यात, जुनाच त्रास नव्या वॉरंटीसह.

त्यात आणखी एक मेख आहे. ७ मिमी जाडीच्या, १ टीबीच्या बऱ्याच लॅपटॉप डिस्क हल्ली एसएमआर प्रकारच्या असतात. त्यांचे ट्रॅक, म्हणजे तबकडीवर डेटा लिहिण्याच्या गोल पट्ट्या, कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे मधल्या एका ट्रॅकमध्ये बदल करायचा तर पुढचे शेजारीही पुन्हा लिहावे लागतात. सिनेमे साठवायला अशी डिस्क उत्तम. सतत थोडंथोडं लिहिणाऱ्या विंडोजला मात्र ती सोसत नाही.

एसएसडीही काही निर्दोष नाही. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये वेगळी डीरॅम (एसएसडीची स्वतःची वेगवान कामचलाऊ मेमरी) नसते, आणि व्हिडिओंचं मोठं फोल्डर कॉपी करायला घेतलं की सुरुवातीचा जोर लवकरच ओसरतो. क्यूएलसी, म्हणजे एका पेशीत चार बिट कोंबणारी स्वस्त चिप, असेल तर कधीकधी हार्ड डिस्क परवडली असं वाटावं, इतका. पण असं कॉपी करायची वेळ क्वचित येते, लॅपटॉप मात्र रोज उघडावा लागतो. लिहून लिहून ती झिजेल ही भीतीही मला जरा फुगवलेलीच वाटते. २४० जीबीच्या काही साध्या मॉडेलवर ८० टीबी लेखनाची हमी असते. रोज १० जीबी लिहिलं तरी ते संपायला वीसेक वर्षं लागतील, तोवर लॅपटॉपच राहायचा नाही.

खरी अडचण जागेची. २४० जीबी घेतली की दिसतात २२३, त्यातलीही थोडी मोकळी ठेवावी लागते. १२० जीबीच्या मोहात मात्र पडू नका. विंडोजचे मोठे अपडेट आले की जागेसाठी रडारड सुरू होते. लॅपटॉप फार जुना असेल आणि त्यात साटा २ (साटा जोडणीची जुनी, संथ आवृत्ती) असेल, तर एसएसडीचा वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आतच अडकतो. तरी घ्या, असंच मी म्हणेन. कारण आपल्याला खुपतं ते वाट पाहणं, आणि ते तिथेही संपतं.

घेण्याआधी मागचं झाकण उघडून आत अडीच इंची डिस्कच आहे ना, हे बघून घ्या. ७ मिमीची एसएसडी ९.५ मिमीच्या खाचेत बसते, उलटं जमत नाही. जुन्या डिस्कचं ब्रॅकेट आणि स्क्रू जपून काढा, नवीबरोबर ते मिळतीलच असं नाही. मोठ्या डिस्कवरून छोटीवर क्लोन करताना, म्हणजे विंडोजसकट सगळं जसंच्या तसं उतरवताना, क्लोनझिला हा त्यासाठीचा प्रोग्राम सहसा कुरकुर करतो; आधी पार्टिशन (डिस्कवरचा विभाग) लहान करावं लागतं. मला तरी विंडोज नव्याने टाकणंच सोपं गेलं. डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असल्याने नुसती डिस्क बदलल्यावर ते बहुधा आपोआप चालू होतं.

घरात एकच लॅपटॉप, कित्येकशे जीबींचे फोटो आणि ते ठेवायला दुसरी कुठलीच जागा नाही, अशी स्थिती असेल तर मी हार्ड डिस्कला नाही म्हणणार नाही. पण जुनी डिस्क संथ असली तरी धड असेल, तर जागेचा प्रश्न तिनेच सुटतो. यूएसबी केसिंगमध्ये घाला, किंवा डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (त्याच आकाराच्या, डिस्क धरणाऱ्या चौकटीत) बसवा. कॅडी ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन जाडींत येते, आधी मोजून घ्या. आणि डिस्क धड आहे की नाही हे क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये बघा, तो स्मार्टच्या नोंदी दाखवतो: ०५ आणि सी५ या खराब सेक्टरांच्या दोन ओळींत ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्य असेल तर खुशाल वापरा, आकडा असेल तर फोटोंची एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवू नका.