वास घालवायला गेलो आणि समुद्राचा निळा रंग गेला

मालवणात घरच्या माळ्यावर माझा २४ इंची प्रिंटर आहे. होमस्टेवाल्यांना भिंतीवर लावायला किल्ल्याचे, समुद्राचे मोठे फोटो छापून देतो. जुलैत खिडक्या बंद आणि हवा ओलीचिंब. शाईतलं पाणी उडालं तरी ग्लायकॉल, म्हणजे शाईतलं हळूहळू उडणारं द्रावक, आठवडाभर सुटत राहतं. आई रोज म्हणायची, "घरात औषधाचो वास मारता रे!"

अशात हवा शुद्ध करणारं यंत्र घेऊन एक विक्रेता दारात आला. काचेच्या पेटीत उदबत्तीचा धूर भरला, यंत्राचं बटण दाबलं, दोन मिनिटांत पेटी स्वच्छ! मी साडेसहा हजार मोजले. बिलाच्या जागी हातची चिठ्ठी घेतली, हा माझा शहाणपणा. धुरात कण असतात, ते विद्युतभार मिळाला की काचेला चिकटतात. शाईचा वास म्हणजे वाफ, तिला या खेळाने काही होत नाही. हे डोकं तेव्हा चाललं नाही.

पहिल्या रात्री वास खरंच बदलला. वीज कडाडल्यावर येतो तसा, तिखटसर. मला तो ताजेपणा वाटला. घसा खवखवायचा तो पावसामुळे, असं समजत होतो. आठव्या दिवशी कागदाच्या गुंडाळ्यांचे रबरबँड हात लावताच तुटू लागले. मग दोरीवरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या प्रिंट्सकडे लक्ष गेलं. निळा उडालेला, समुद्र विटकरी.

यंत्र उलटं केलं. खाली बारीक अक्षरांत ओझोन, ताशी ४०० मिलिग्रॅम. ओझोन रबर चिरतो, डाय शाईतला (विरघळलेल्या रंगाच्या शाईतला) निळा खातो, त्यातून माझा कागद झटपट वाळणारा, म्हणजे सच्छिद्र. आणि हे मी माणसं राहतात त्या घरात रात्रभर चालवत होतो!

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी बिल मागितलं. विक्रेत्याचा नंबर बंद. पाच प्रिंट पदरमोड करून पुन्हा छापले. आता बाहेर हवा फेकणारा पंखा लावलाय, ग्लायकॉल शोषायला प्रिंटवर साधा कोरा कागद ठेवतो आणि रोज बदलतो, काचेच्या फ्रेममध्ये बसवायची घाई करत नाही.

तोच माणूस म्हणे वेंगुर्ल्याकडे फिरतोय. तिथे खानावळवाल्यांना मासळीच्या वासावर उपाय म्हणून उदबत्तीची पेटी दाखवतो.