गोठ्याच्या पत्र्याचे स्क्रू आणि लेव्हलची नळी
आमच्या गुहागरकडच्या गोठ्याला खारा वारा थेट लागतो. म्हणून पत्र्यासाठी जे-बोल्टऐवजी (J आकाराच्या वाकड्या बोल्टऐवजी) साडेपाच एमएमचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू घेतले. लोखंडी पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला) वेगळं भोक पाडायला नको, ड्रिलला आठ एमएमचं मॅग्नेटिक सॉकेट पुरतं. खरी पारख वॉशरची: ईपीडीएमचाच (ऊन-पावसात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा) मागा, साधं रबर उन्हात तडकतं आणि पाणी तिथूनच शिरतं. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा. वॉशर जरासा फुगेल इतकाच आवळा. झिंकचा मुलामा दिलेले स्क्रू समुद्राकाठी लवकर गंजतात. अंग स्टेनलेसचं आणि टोक कार्बन स्टीलचं असलेले महाग पडतात, पण मी तेच सांगेन.

खांबांची उंची एका लेव्हलला आणायला मात्र पाणी भरलेली पारदर्शक नळीच उत्तम! आडोशापलीकडचा खांबही बरोबर जुळतो. आत बुडबुडा तेवढा राहू देऊ नका. साध्या लेझरची रेघ भर उन्हात दिसतच नाही.