ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन परदेशी: टोरांटो की दोहा?

फुटबॉल खेळणारा माणूस, वय बत्तीस-तेहतीस, एका गुडघ्यावर एसीएलचं (गुडघ्यातल्या लिगामेंटचं) ऑपरेशन, भारतातल्या टीममध्ये पुढच्या मोसमाची खात्री नाही आणि बाहेर जायची संधी दारात आलेली. या अवस्थेतल्या दोघा-तिघांनी गेल्या वर्षभरात मला विचारलं की कॅनडा धरावा की आखात. मी स्वतः त्यातून गेलोय. दोन मोसम आय-लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि मग बरीच वर्षं मुंबईत कंपनीच्या टीमकडून खेळलो. बायकोचा कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मंजूर झाला आणि त्याच सुमारास तिला दोह्यातल्या नोकरीचं पत्रही आलं. दोन्हीकडे मला खेळायला आणि पोरांना शिकवायला जागा होती. आम्ही दोह्याला आलो, त्याला आता तीन वर्षं झाली.

पगार, घरभाडं, शाळेची फी यांचा हिशेब तुम्ही मांडलाच असेल. पुढच्या आयुष्याचं म्हणाल तर कॅनडाचं पारडं जड आहे, हे मी आधीच कबूल करतो. पीआर घेऊन पाच वर्षांत १,०९५ दिवस तिथं राहिलात की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. इथं नोकरी आहे तोवर मुक्काम. टोरांटोशेजारी मिसिसागाला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यानं हे मला पुन्हा पुन्हा सांगितलं आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

तरी आम्ही दोहा धरलं ते एका गोष्टीपायी: पायाखालचं टर्फ, म्हणजे मैदानावरचं गवत, खरं की प्लास्टिकचं.

निर्णयाच्या आधी फेब्रुवारीत महिनाभर मेहुण्याकडे राहिलो होतो. बाहेर बर्फ, त्यामुळे खेळ सगळा डोममध्ये, म्हणजे हवेनं फुगवलेल्या भल्यामोठ्या तंबूत. आत ऊब, लख्ख दिवे आणि माणसं फार प्रेमळ. पंजाबी, मल्याळी, पोर्तुगीज, जमैकन अशी सगळी मंडळी. ओळखदेख नसताना पहिल्याच दिवशी मला मिडफिल्डला घेतलं. खाली प्लास्टिकचं गवत आणि त्यात रबराचे काळे दाणे. पहिली वीस मिनिटं वाटलं, इतकं चांगलं मैदान आपल्याला कधी मिळालंच नव्हतं. चेंडू एकसारखा येतो, कुठं खड्डा नाही, चिखल नाही. मग एकदा चेंडू घेऊन उजवीकडे वळलो. बूट जागच्या जागी राहिला आणि गुडघा वळला. पडलो नाही, काही तुटलं नाही, पण आत ती जुनी ओळखीची कळ आली.

रात्री बाथरूममध्ये मोजे उलटे केले तर पांढऱ्या टबात काळ्या दाण्यांचा सडा पडला. आमची खोली बेसमेंटमध्ये होती. सकाळी नाश्त्याला वर जाताना कठडा धरून एकेक पायरी चढलो, उतरताना तर थांबत थांबत. गुडघ्याच्या वाटीभोवती पाणी भरलं होतं. बायकोनं बर्फाची पिशवी बांधली आणि म्हणाली, "अहो, हे दर आठवड्याला असंच होणार का?" त्या महिन्यात मी चार वेळा खेळलो. चारही वेळा दुसरा दिवस तसाच गेला.

कृत्रिम टर्फमुळे दुखापती खरंच वाढतात का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. नवीन टर्फ जुन्यापेक्षा पुष्कळ बरं असतं, हेही मान्य. मुंबईत आपल्या कूपरेजवरही कृत्रिमच आहे आणि ऑपरेशनच्या आधी मी तिथं विनातक्रार खेळलोय. गुडघा धड असेल तर तुम्हाला फरक जाणवणारही नाही कदाचित. पण एकदा उघडून शिवलेल्या गुडघ्याचं तसं नसतं. गवतावर बुटाखालचा स्टड मातीत रुततो आणि जोरात वळलं की मातीचं ढेकूळ घेऊन सुटतो. प्लास्टिकवर तो धरून ठेवतो, आणि मग मांडीचा सगळा पीळ गुडघ्यात उतरतो.

मोठमोठ्या खेळाडूंनीही असं टर्फ टाळलंय. आयव्हरी कोस्टचा स्ट्रायकर दिदिए द्रोग्बा 2015 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, मॉन्ट्रियलला गेला आणि त्या मोसमात 11 सामन्यांत 11 गोल केले. पण मॉन्ट्रियलची थंडी अशी की मोसमाच्या सुरुवातीचे सामने ऑलिम्पिक स्टेडियमच्या छताखाली, कृत्रिम टर्फवर होत. 2016 मध्ये टर्फवरचे सामने तो गुडघ्यापायी टाळायचा. स्वीडनच्या झ्लाटान इब्राहिमोविचचं गुडघ्याचं लिगामेंट 2017 मध्ये फाटलं होतं. पुढच्या वर्षी तो लॉस एंजेलिसच्या एलए गॅलेक्सी क्लबकडे गेला, दोन मोसमांत पन्नासच्या वर गोल मारले, पण सिएटलसारख्या टर्फच्या मैदानावर टीमबरोबर न जाण्याची वेळ त्याच्यावरही आली. कॅनडातच 2015 ची महिलांची विश्वचषक स्पर्धा पूर्णपणे कृत्रिम टर्फवर झाली. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या अ‍ॅबी वाम्बाकसह कित्येक खेळाडूंनी त्याविरुद्ध टोरांटोच्या ओंटारिओ प्रांतातल्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. एखादा सामना सोडायची मुभा द्रोग्बाला असते. तुम्ही-आम्ही चार सामने सोडले तर पाचव्याला कुणी बोलावत नाही.

अमेरिका-कॅनडात सगळीकडे टर्फच आहे असा मात्र समज करून घेऊ नका. टोरांटो एफसी या क्लबच्या बीएमओ फील्डवर 2010 मध्ये कृत्रिम टर्फ काढून नैसर्गिक गवत लावलं. जर्मनीच्या मार्को रॉइसचंच बघा. 2014 चा विश्वचषक घोट्यामुळे हुकला, 2016 चा युरो कप हुकला, 2017 मध्ये लिगामेंट फाटलं, 2022 चा विश्वचषक पुन्हा घोट्यानं घालवला. डॉर्टमुंडमध्ये बारा वर्षं काढून तो 2024 मध्ये पस्तिशीत लॉस एंजेलिसला गेला आणि त्याच वर्षी गॅलेक्सीबरोबर एमएलएस कप, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या लीगचं विजेतेपद, जिंकला. त्या क्लबचं घरचं मैदान गवताचं आहे. पण तो कॅलिफोर्निया. ओंटारिओत आपल्यासारख्याच्या वाट्याला हिवाळ्याचे चार-पाच महिने डोमच येतो.

दोह्याला पहिल्यांदा आलो तो नोव्हेंबर होता. संध्याकाळी सरावाला गेलो तर गवत नुकतंच भिजवलेलं होतं. पहिल्या दहा मिनिटांत मी मुद्दाम तसाच वळून बघितलं, सुरुवातीला हळू, मग जोरात. स्टड सुटला, टाचेखालचं गवत निघून आलं, गुडघा गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना तीन मजले उतरलो, कठड्याला हात न लावता. खाली बायको उभी होती. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही.

इथं त्रास नाही असं नाही. मे ते सप्टेंबर जीव नकोसा होतो. रात्री आठला सराव असला तरी हवा अंगाला चिकटते आणि पाणी पुरत नाही. गल्लीबोळातली फाइव्ह-अ-साइडची मैदानं इथंही प्लास्टिकचीच आहेत, मी तिथं पाऊल टाकत नाही. आणि आखातात आलं की शरीर सावरतंच, असंही नाही. रियाधच्या अल हिलालकडे गेलेला नेमार 2023 मध्ये ब्राझीलकडून खेळताना लिगामेंट फाडून बसला आणि त्या क्लबसाठी जेमतेम सात सामने खेळून परत गेला. मात्र गुडघ्याची, घोट्याची माहिती असलेली माणसं दोह्यात भरपूर भेटतात, त्याचं मोठं कारण 2007 मध्ये सुरू झालेलं अ‍ॅस्पेटार हे खेळाडूंचं हॉस्पिटल. ओंटारिओच्या सरकारी विम्यात आपल्या वयाच्या माणसाला हॉस्पिटलबाहेरची फिजिओथेरपी साधारणपणे बसत नाही, तोही खर्च धरून ठेवा.

मला स्पेनच्या सांती काझोर्लाची फार आठवण येते. घोट्याच्या जखमेत जंतुसंसर्ग होऊन त्याच्या टाचेवरच्या स्नायूबंधाचा (अकिलीस टेंडनचा) सुमारे आठ सेंटिमीटर भाग नाहीसा झाला होता. मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी खूप, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. घोट्यावर लावायला हातावरची कातडी काढली, तिच्यावर मुलीचं नाव गोंदलेलं होतं. ते नाव, इंडिया, अर्धं घोट्यावर गेलं. त्यातून उठून तो स्पेनमधल्या विल्यारेआल क्लबसाठी दोन मोसम खेळला आणि 2020 मध्ये पस्तिसाव्या वर्षी दोह्याच्या अल सद्दकडे आला, तेव्हा स्पेनचाच जुना खेळाडू झावी तिथं प्रशिक्षक होता. तीन मोसम इथं काढून तो आपल्या लहानपणीच्या ओविएदो क्लबला परतला आणि 2025 मध्ये, चाळिशीत, त्यांना स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये घेऊन गेला. याचं श्रेय दोह्याच्या गवताला द्यावं, इतकं माझं ज्ञान नाही. पण त्या घोट्याला तीन वर्षं इथं मानवली, एवढं दिसतं.

तुमची मुलं लहान असतील, खेळ दोन-तीन वर्षांत सोडून पूर्णवेळ कोचिंग करायचं असेल, तर कॅनडाचा विचार जरूर करा. माझा मेहुणा तिथं सुखात आहे. अजून चार-पाच मोसम मैदानात उतरायचं असेल तर मी दोह्याकडे झुकेन. कुठलाही क्लब असो, सामने कुठल्या मैदानावर होतात हे विचारून थांबू नका, आठवड्याचे चार दिवस सराव कुठं चालतो ते विचारा. फोटोवर विसंबू नका, प्लास्टिकही हिरवंच दिसतं. जमलं तर बूट घेऊन जा, तासभर खेळा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून बघितल्याशिवाय होकार कळवू नका.