व्हाइटरनचा वेढा: स्कायरिममधल्या राजकारणाला पाचपैकी चार तारे

स्कायरिम या व्हिडिओ गेमची शिफारस करणारे बहुतेक जण ड्रॅगनपासून सुरुवात करतात. मी व्हाइटरन शहरापासून करते. कोल्हापुरात शाळेत मी इतिहास शिकवते आणि दरवर्षी मुलांना पन्हाळ्यावर नेते. सज्जाकोठी, अंधारबाव, अंबरखाना सगळं दाखवून झालं की मुलं विचारतात, महाराज कुठून निसटले? राजदिंडीची वाट दाखवली की खूश होतात. पण वेढा घालणाऱ्याला त्यातून नेमकं काय हवं होतं, हे कुणी विचारत नाही. हा गेम तेच विचारायला लावतो, म्हणून मी इथे जवळजवळ एकाच लढाईबद्दल लिहिणार आहे.

बाकीचं थोडक्यात उरकते. बेथेस्डा कंपनीचा हा गेम 11 नोव्हेंबर 2011 ला आला. मी खेळले ती 2016 ची स्पेशल एडिशन, भाच्याच्या पीसीवर. डिस्कवर साधारण 12 जीबी जागा लागते. संवाद आणि मजकूर इंग्रजीत आहे, आणि राजकारण समजून घ्यायचं तर तो वाचावाच लागतो. चित्रण आज जुनं वाटतं, चेहरे तर फारच. मला त्याचा त्रास झाला नाही.

आता मुद्द्याचं. स्कायरिम हा साम्राज्याचा एक प्रांत. साम्राज्याने थालमोर या एल्फ सत्तेशी मोठं युद्ध केलं आणि शेवटी तह केला. टॅलोसची पूजा बंद, ही त्या तहातली एक अट. टॅलोस हा माणसाचा देव झालेला सम्राट, आणि स्कायरिमच्या नॉर्ड लोकांचा तो प्राण. विंडहेल्मचा जार्ल, म्हणजे तिथला वतनदार, उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक म्हणतो की साम्राज्याने आमचा देव विकला. तो सॉलिट्यूड या राजधानीला जातो, तरुण राजा टोरिगला द्वंद्वाचं आव्हान देतो आणि मारतो. उल्फ्रिकचे लोक याला परंपरा म्हणतात, साम्राज्याचे लोक खून म्हणतात. टोरिगची विधवा एलिसिफ एका बाजूला, उल्फ्रिक दुसऱ्या बाजूला, आणि नकाशाच्या बरोबर मधोमध व्हाइटरन. तिथला जार्ल बलग्रूफ कुणाच्याच बाजूला जात नाही.

हा बलग्रूफ मला गेममधला सगळ्यात चांगला लिहिलेला माणूस वाटतो. त्याला युद्ध नको आहे, ड्रॅगन परत आल्याची चिंता आहे, आणि स्वतःचं शहर आतून दुभंगलंय हे त्याला ठाऊक आहे. ग्रे-मेन आणि बॅटल-बॉर्न ही दोन जुनी घराणी, एकेकाळी मैत्री असलेली. आज एक स्टॉर्मक्लोककडे, दुसरं साम्राज्याकडे. बाजारात दागिन्यांच्या गाळ्यावर बसणारी फ्रालिया ग्रे-मेन सांगते की माझा थोराल्ड जिवंत आहे, कुणी ऐकत नाही. तो खरोखर जिवंत असतो, थालमोरच्या कैदेत, आणि त्याचा पुरावा असलेलं पत्र बॅटल-बॉर्नांच्या घरात असतं. ज्या शहरात शेजारी शेजाऱ्याच्या मुलाचा पत्ता दडवतो, त्या शहराच्या तटबंदीवर किती भिस्त ठेवायची? बाहेरचं सैन्य यायच्या कितीतरी आधी वेढा असा आत सुरू झालेला असतो.

उल्फ्रिकला व्हाइटरन का हवं? वाटा तिथून जातात, हे एक कारण. मला पटणारं कारण दुसरं आहे. स्कायरिमचा राजा जार्लांच्या सभेत ठरतो. जो जार्ल तटस्थ आहे, त्याचं मत कुणाच्याच पदरात नाही, आणि राजा व्हायला निघालेल्याला ते परवडत नाही. शत्रूशी लढता येतं. तटस्थ माणसाला मात्र आधी शत्रू किंवा मित्र करून घ्यावं लागतं. म्हणून उल्फ्रिक तुमच्या हातात एक कुऱ्हाड देतो: बलग्रूफने ती ठेवून घेतली तर मी थांबेन, परत पाठवली तर युद्ध. ती कुऱ्हाड घेऊन मी ड्रॅगन्सरीच या बलग्रूफच्या महालाच्या पायऱ्या चढत होते तेव्हा खरंच पोटात गोळा आला होता. बलग्रूफ ती परत देतो. वेढ्याचं कारण एवढंच, की एका माणसाने उत्तर द्यायचं टाळलं आणि आता टाळता येत नाही.

पन्हाळा आठवल्याशिवाय हे मला खेळताच आलं नाही. 1660 च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने वेढा घातला, त्यात किती हेतू एकत्र आले होते बघा. अली आदिलशहाला अफजलखानाच्या पराभवाने गेलेली पत सावरायची होती. फाजलखानाला बापाचा सूड हवा होता. जौहर स्वतः कर्नूलकडे दरबाराला न जुमानता बसलेला. त्याला माफी आणि सलाबतखान हा किताब मिळाला तो या कामगिरीसाठी. राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन आला, कारण विजापूरची मर्जी म्हणजे व्यापार. त्याच सुमारास पुण्याकडे शायिस्ताखान. जुलैत महाराज निसटले, आणि दरबाराने आपल्याच जौहरवर फितुरीचा संशय घेतला! एका वेढ्यात इतके स्वार्थ. पुढे सप्टेंबरात गड आदिलशहाला द्यावा लागला, तोही वाटाघाटीत.

इथे गेम कमी पडतो, आणि माझा एक तारा इथेच गेला. व्हाइटरनच्या बाहेर उभ्या स्टॉर्मक्लोक सैन्यात कुणालाच स्वतःचा हिशेब नाही. सगळे एका सुरात बोलतात. जमीन मिळेल म्हणून आलेला एक, भावाच्या सुडासाठी आलेला एक, नुसता पगारासाठी आलेला एक, असे तिघे दाखवले असते तरी काम झालं असतं. दुसरं म्हणजे याला वेढा म्हणायला जीभ रेटत नाही. कॅटापुल्टमधून आगीचे गोळे येतात, अडथळे फोडायचे, उचलता पूल खाली आणायचा, आणि थोड्याच वेळात तुम्ही महालात. भूक नाही, पाणी नाही, पाऊस नाही. पन्हाळ्यावर अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्यांसमोर उभं राहिलं की धान्य हेच वेढ्याचं खरं हत्यार आहे हे दगडच सांगतात. व्हाइटरनभोवती शेतं आहेत, गाळ्यावर भाजी आहे, पण लढाईशी त्यांचा काही संबंध लावलेला नाही.

शेवट मात्र फार चांगला जमलाय. बलग्रूफ शस्त्र टाकतो आणि त्याच्या जागी म्हातारा विग्नार ग्रे-मेन जार्ल होतो, ज्याने स्वतः साम्राज्याच्या फौजेत नोकरी केलेली आहे. दोघं समोरासमोर एकमेकांना सुनावतात, आणि तेव्हा कळतं की बाहेरून आलेल्या सैन्याच्या आडून एका घराण्याने दुसऱ्यावर हिशेब चुकता केलाय. मी स्टॉर्मक्लोककडून लढले होते आणि तिथे मला आनंद झाला नाही. आमच्या कोल्हापूरच्या गादीचा इतिहास ज्याने वाचलाय, ताराराणी आणि त्यांची सवत राजसबाई यांचं काय झालं ते ज्याला माहीत आहे, त्याला हे परकं वाटणार नाही.

आणि आता एका कागदाबद्दल. थालमोरच्या दूतावासात उल्फ्रिकवरची एक फाइल सापडते. साम्राज्य आणि थालमोरच्या त्या मोठ्या युद्धात तो त्यांच्या कैदेत होता. त्याने दिलेल्या माहितीमुळेच साम्राज्याची राजधानी पडली असं त्याला भासवलं गेलं, आणि मग पळू दिलं. आता तो सहकार्य करत नाही, तरी उपयोगी आहे, कारण स्कायरिममधलं युद्ध चालू राहणं थालमोरच्या फायद्याचं. त्याचा विजयही त्यांना नको आहे. मी ते दोनदा वाचलं. देवासाठी लढणारे, कायद्यासाठी लढणारे, दोघांचंही रक्त तिसऱ्याच्या वहीत जमेच्या बाजूला लिहिलं जातंय! पुढे तह करायला सगळे हाय ह्रोथगार या डोंगरावरच्या मठात बसतात, तेव्हा थालमोरची दूत एलेनवेनही तिथे हजर असते. उल्फ्रिक मार्कार्थ शहर मागतो, साम्राज्याचा सेनापती जनरल टुलियस रिफ्टन शहर मागतो, आणि ती ऐकत बसते. फाइल वाचलेली असली की त्या खोलीतली प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येते.

घ्यायचा असेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागेपर्यंत थांबा, वारंवार लागतो. आठवी-नववीच्या मुलांना एकट्याने देऊ नका. रक्तपात बराच आहे, मोठ्यांनी शेजारी बसावं. सुरुवातीलाच कुठल्या सैन्यात भरती होऊ नका. आधी व्हाइटरनच्या बाजारात निवांत फिरा, फ्रालियाचं ऐका, थोराल्डचं पत्र शोधा. मग दूतावासाची कामगिरी करून ती फाइल वाचा. उल्फ्रिककडून कुऱ्हाड घ्यायची की नाही, ते त्यानंतर ठरवा.