आशाताईंच्या घरभेटी : माझा अनुभव

मी १९ वर्षांची, पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आले, चोपडा तालुक्यात. घरात आई, आजी, काकू, माणसांची कमी नाही. पण बाळ रडलं की कुणीतरी ते माझ्याकडून घ्यायचं. ‘पोर न्हानी शे, तिले काय समजस,’ असं आजी म्हणायची. मायेनंच म्हणायची, पण ऐकून ऐकून मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. आपल्याला एक रुपयाही लागत नाही. या सहा भेटींचे मिळून त्यांना २५० रुपये मिळतात. एवढ्या कामाला हे फार कमी आहेत.

सातव्या दिवशी वजन जन्माच्या वेळेपेक्षा कमी भरलं. काकू लगेच पावडरचा डबा आणायला निघाली. ताईंनी मात्र मला विचारलं, “दिवसरात्रीतून किती वेळा पाजतेस? लंगोट किती ओले होतात?” बाळाबद्दल मला कुणी विचारतंय, हे घरात पहिल्यांदाच घडत होतं. सगळं ऐकून म्हणाल्या, “दूध पुरतंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच.” मग बाळाला हात न लावता, शेजारी बसून मला पाजायला लावलं. नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भागही तोंडात जाऊ दे, एवढंच सांगितलं. चौदाव्या दिवशी वजन भरून आलं.

त्यात मे महिना, आपल्याकडचं ऊन. आजी बाळाला चमच्यानं पाणी द्यायला लागली. ताई म्हणाल्या, “आजी, सहा महिने त्याला आईच्या दुधातूनच पाणी मिळतं. तुम्ही हिला पाजा.” तेव्हापासून माझ्या उशाशी तांब्या भरून ठेवायचं काम आजीचं. तिला बाजूला सारलं नाही, हे मला फार आवडलं.

एक उणीव वाटली. नवरा सुरतला कामाला, सासू सासरी. त्यांच्याशी कुणी बोललंच नाही. मी फोनवर सांगते, पण ताईंच्या तोंडून ऐकणं वेगळं. पुढच्या भेटी तिसऱ्या महिन्यापासून, तेव्हा मी सासरी असेन आणि तिथल्या आशाताई दुसऱ्या. म्हणून माता-बाल कार्ड सोबत नेणार आहे, आणि तिथल्या ताईंना आधीच फोन करून ठेवलाय. पहिल्या भेटीला सासूबाईंनाही जवळ बसवा, असं त्यांना सांगितलंय.